एक्सची खोली

कुंदाताई, पंधरवडा झाला तुला जाऊन. तेरावं नको, फोटोला हार नको, शोकसभा तर मुळीच नको, असं तू आधीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतंस. देहही दान करून टाकलास. वर्ध्याहून तुझा भाचा विमानाने आला, अमौसी विमानतळावरून मीच त्याला घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी तो बिचारा मला विचारत होता, "मावशी, आता मी नेमकं काय करू?" काही नाही रे बाबा, म्हटलं, चहा पी. मेलेल्या माणसाने निदान मागच्यांना चार कामं तरी लावून जावं. तू तेवढंसुद्धा केलं नाहीस.

म्हणून मग हे लिहिते आहे. तू वाचलं असतंस तर लाल पेन घेऊन निम्मं खोडलं असतंस. "मंजू, एवढी विशेषणं काहून लागतात तुला?" असं वर विचारलं असतंस. आणि 'बिचारा' हा शब्द तर तुला चालतच नाही, हे माहीत असूनही तुझ्या भाच्याला मी बिचारा म्हटलंच. खोड आता.

आपल्या लॅबच्या डार्करूममधली तुझी खुर्ची अजून तशीच आहे. पाठीला लावायची ती चपटी उशी, खुर्चीच्या हातावर अडकवलेला राखाडी स्वेटर. लखनऊच्या जूनमध्ये बाहेर अंगाची लाही होत असताना तू आत एसी वाढवून स्वेटर घालून बसायचीस आणि मला म्हणायचीस की मशीनला थंडी लागते, तुला नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी रोज सकाळी विकास नगरहून ई-रिक्षाने येऊन तू त्या खुर्चीवर बसायचीस. संस्थेतल्या नव्या लोकांना वाटायचं की खुर्चीबरोबरच तूही सामानाच्या यादीत आहेस.

आपला तो दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप. एकाच स्लाइडकडे दोघींनी एकाच वेळी बघायचं, तू उजवीकडून, मी डावीकडून. सांगलीहून पीएचडी करून, नवऱ्याची बँकेत इकडे बदली झाली म्हणून मी लखनऊला आले, आणि पहिल्याच आठवड्यात तू मला त्या डाव्या बाजूला बसवलंस. मी काचेला डोळा लावला आणि लगेच तोंड उघडलं, "मॅडम, ही पेशी..." तू माझ्या हातावर चापट मारलीस. चांगली लागली होती. "बोलायचं नाही," म्हणालीस. "आधी मनात ठरवायचं. मी टेबलावर दोनदा बोट वाजवते. मग दोघींनी एकदमच बोलायचं. मी आधी बोलली तर तू माझंच म्हणणं म्हणशील, आणि तू आधी बोलली तर मी मुद्दाम उलटं म्हणेन. स्वभाव आहे माझा."

असा सुरू झाला आपला रिवाज. जे बघायचो तेही जोडीचंच होतं. शुक्राणू घडायच्या वाटेवर असलेल्या उंदराच्या पेशी. त्या पेशींत एक वेळ अशी येते, जेव्हा गुणसूत्रं आपापला जोडीदार शोधतात; आईकडून आलेलं एक आणि बापाकडून आलेलं एक, टोकापासून टोकापर्यंत एकमेकांना लगटून बसतात. पंचाईत होते ती फक्त एक्स आणि वाय या दोघांची. एक लांबलचक, दुसरं खुजं. टोकाजवळचा जरासा तुकडा सोडला तर दोघांत सारखं काही नाही. तेवढ्यापुरती गाठ पडते आणि बाकी सगळा पसारा जोडीदाराविना उघडा राहतो. पेशीला ते उघडेपण कळतं. मग ती त्या दोघांवर खुणा चढवते, त्यांना घट्ट आवळते, केंद्रकाच्या कडेला सरकवते आणि त्यांच्यावरची जवळजवळ सगळी जनुकं बंद करून टाकते. माणसातही हेच, उंदरातही हेच. आणि हे गप्प करणं साधलं नाही, तर ती पेशी पुढे जात नाही, तिथेच मरते. ज्या पुरुषांना मूल होत नाही त्यांच्यातल्या काहींचं दुखणं इथेच कुठेतरी असेल, म्हणून तर आपण आयुष्यभर त्या कडेच्या ठिपक्याकडे बघत बसलो.

त्या खुणेला आपण हिरवा रंग लावायचो. अंधारात गुणसूत्रांच्या लाल रेघांच्या गुंत्यात, एका कडेला तो हिरवा ठिपका पेटल्यासारखा दिसायचा. स्लाइडवरच्या नावावर चिकटपट्टी, म्हणजे कुठला उंदीर निरोगी आणि कुठला बिघाड असलेला हे आपल्याला ठाऊक नसायचं. बघायचं आणि ठरवायचं: गप्प की चालू. टक टक. "गप्प!" "गप्प!" पुढची पेशी. टक टक. "गप्प!" "चालू!" मग तू दिव्याची झडप बंद करायचीस, कारण तो हिरवा रंग बघता बघताच विझतो, जितकं जास्त बघावं तितका फिका होत जातो. स्लाइड थंडीत अंधारात ठेवून द्यायची आणि तू म्हणायचीस, "नाही जुळलं तर उद्या पुन्हा पाहू." हुज्जत घालायची नाही. एकीने दुसरीला पटवायचं नाही. उद्या पुन्हा बघायचं, नव्या डोळ्यांनी.

आपल्या लॅबमधली सगळी हिंदी बोलणारी पोरंसुद्धा 'गप्प' हाच शब्द वापरायला लागली, हे आठवतं का? शाझिया, तुझी लाडकी, आता पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा ती कुणाला तरी फोनवर सांगत होती, "नहीं यार, इस वाले में एक्स गप्प ही नहीं हो रहा." मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. दोन्ही एकदम आलं.

हा रिवाज मग लॅबमध्ये राहिला नाही. तुझ्या घराचे पडदे, माझ्या निनादच्या मुंजीतली माझी साडी, निनादला कुठल्या शाळेत घालायचं, सगळं असंच ठरायचं. अलीगंजमधल्या त्या चाटवाल्यासमोर उभं राहून तू त्याच्या काउंटरवर दोनदा बोट वाजवायचीस आणि आपण दोघी एकदम ओरडायचो, मी "मटर!" आणि तू "पापडी!" तो हात जोडून म्हणायचा, "बहनजी, एक-एक करके बोलिए, हम कोई अंतर्यामी हैं?" आणि तू त्याला तुझ्या त्या वऱ्हाडी हिंदीत समजावायचीस की भैया, एक-एक करके बोलेंगे तो ये मेरे मन का खाएगी, अपने मन का नहीं. त्याला काय कळायचं कोण जाणे. पण तो दोन्ही द्यायचा.

मला कळलं होतं, कुंदाताई. तू मोठी होतीस, हुशार होतीस, सगळे तुला बिचकायचे. तू आधी बोललीस की खोलीतली बाकीची मतं आपोआप मिटायची. ते तुला आवडायचं नाही. माझ्या आयुष्यात माझं मत माझ्या तोंडून, कुणाचं ऐकायच्या आधी, बाहेर पडावं असं वाटणारी तू पहिली बाई. माहेरी वडील आधी बोलायचे, सासरी सासूबाई. तुझ्यापाशी मात्र दोनदा टकटक व्हायची आणि मला बोलावंच लागायचं. त्यासाठी मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "नाटकं नको करू."

आता त्या भांडणाकडे येते. ते काही संपलेलं नाही, हे लक्षात ठेव.

मराठी मंडळाच्या गणपतीत मी भाषण दिलं होतं, 'आपल्या पेशींतल्या गमतीजमती' असं काहीतरी. बँकेतली माणसं, रेल्वेतली माणसं, त्यांच्या बायका, मागच्या रांगेत मोबाइलवर खेळणारी मुलं. लोकांना आवडावं म्हणून मी जरा रंगवून सांगितलं. म्हटलं, सगळ्यांना जोडीदार मिळतो, बिचाऱ्या एक्सला मिळत नाही, आणि जो एकटा पडतो त्याला कोपऱ्यात नेऊन गप्प बसवलं जातं. पेशीतही समाजासारखंच चालतं! टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत तू बसली होतीस, हाताची घडी घालून.

परतताना माझ्या स्कूटरवर मागे बसून तू एक शब्द बोलली नाहीस. कपूरथळ्याचा चौक गेला, अलीगंज गेलं. विकास नगरच्या वळणावर सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "बिचारं कोण गं?"

"अगं, ते आपलं लोकांसाठी..."

"एकटं आहे म्हणून गप्प बसवतात, हे कुणी सांगितलं तुला? उघडं आहे म्हणून सांभाळतात. तुटू नये, कुणाच्याही गळ्यात पडू नये म्हणून. तू शिक्षा पाहून राहिली, मी राखण पाहून राहिली. आणि पेशीला समाज काहून म्हणतेस? पेशीला काही म्हणूच नको. पेशी आहे ती."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, मला स्कूटर कडेला घ्यावी लागली. तुझा राग मला तेव्हा पुरता उमगला. तू कधी लग्न केलं नाहीस. मंडळातल्या कुठल्याशा काकू दरवर्षी तुला विचारायच्या, "एकट्याच असता, कंटाळा नाही का हो येत?" आणि तू म्हणायचीस, "येतो ना. मग तुमच्यासारखं कुणी भेटतं आणि पुन्हा एकटं राहावंसं वाटतं." काकूंना ते कौतुक वाटायचं. तुझ्या एकटेपणाची कीव करणाऱ्यांना तू आयुष्यभर असंच हसून परतवलंस. आणि मी, तुझी मंजू, तुझ्यासमोर टाळ्या मिळवत होते. पण मी काही माघार घेणारी नव्हे. तिथेच, रस्त्याच्या कडेला, मी म्हटलं, "राखण म्हण नाहीतर शिक्षा म्हण, तोंड बंद केलंय की नाही? ज्याचं तोंड बंद करतात त्याला विचार."

घरी येऊन तू चहा टाकलास. आणि मग, उपमांचा विटाळ मानणारी तू, आयुष्यातली एकुलती एक उपमा दिलीस. म्हणालीस, "आपल्याकडे बाळंतिणीची खोली असते, पाहिलीस न? घराच्या कडेची. अंधारी. वारा लागू देत नाहीत, मोठ्याने बोलू देत नाहीत, कामाला हात लावू देत नाहीत. तिची कामं घरातल्या बाकीच्या बाया करतात. तसंच आहे हे. एक्सची जी कामं खोळंबून चालत नाहीत, त्यांच्या नकला दुसऱ्या गुणसूत्रांवर आहेत. एक्स आत असेपर्यंत ती करतात ते काम. घर चालू राहतं. आणि ते एक्स पुढे लेकीच्या घरी जातं अन् बोलतं. गप्प बसलेलं कायमचं गप्प नसते मंजू."

मला ते इतकं सुंदर वाटलं की मी चिडलेच. म्हटलं, "तू नाही राहिलीस त्या खोलीत. मी राहिले आहे."

तू चहाचा कप खाली ठेवलास. मला वाटलं, झालं, आता ही उठून जाईल. घर तुझंच होतं तरी. पण तू सरळ विचारलंस, "मग सांग ना. कसं असतं?"

आणि मी सांगितलं. त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. सांगलीच्या घरातली ती मागची खोली, शेगडीचा धूर, कानाला बांधलेला रुमाल. बाहेर माझ्याशिवाय सगळं सुरळीत चाललंय याचा आवाज दिवसभर येतो. भांड्यांचा, हसण्याचा. सगळे प्रेमानेच वागतात, डिंकाचे लाडू आणून देतात, आणि तरी वाटतं की आपल्याला आता बोलावणारच नाहीत बाहेर. बाळ रडतं तेवढाच आपला आवाज. मी म्हटलं, "ताई, सांभाळणं आणि कोंडणं एकाच खोलीत होतं गं. आतल्या बाईला फरक कळत नाही."

तू कप बाजूला सारलास. मग टेबलावर दोनदा बोट वाजवलंस. "राखण," तू म्हणालीस. "कोंडणं," मी म्हणाले. आणि तू हसलीस, "नाही जुळलं. उद्या पुन्हा पाहू."

तो 'उद्या' किती वर्षं चालला! कॉन्फरन्सच्या पोस्टरसमोर, रेल्वेच्या बर्थवर, तुझ्या गच्चीत मटार सोलताना. मध्येच टकटक व्हायची, "राखण", "कोंडणं", आणि पुन्हा शेंगांकडे. शाझियाला वाटायचं आपण काहीतरी मंत्र म्हणतो. खरं सांगू? मला ते जुळायला नकोच होतं. जुळलं असतं तर बोलायचं काय उरलं असतं.

आणि मग हे वर्ष आलं. श्रीकांत बँकेतून निवृत्त झाला. निनादने पुण्यात स्वतःच्या घराजवळ आमच्यासाठी घर बघून ठेवलं. फोनवर त्याचं तेच, "माँ, अब तो आ जाओ यार. वहाँ रखा क्या है?" लखनऊतच वाढला, मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. श्रीकांतला इथला उन्हाळा सोसत नाही, भाऊबहिणी तिकडे. तो तोंडाने म्हणायचा, "तुझी नोकरी आहे अजून, तू ठरव," पण संध्याकाळी पुण्याचं हवामान बघत बसायचा. मी तुला यातलं काही सांगितलं नव्हतं. तुलाही तेव्हा पोटदुखी सुरू झाली होती आणि तूही मला नीट सांगितलं नव्हतंस. दोघी शहाण्या!

निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. तू रिपोर्ट स्लाइडसारखाच वाचलास, चेहरा न हलवता, आणि मला म्हणालीस, "माझी स्लाइड चांगली रंगवली आहे लोकांनी. स्पष्ट दिसून राहिलं." त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले. हे असलं विनोदी बोलणं मला नको होतं. मला तू रडायला हवी होतीस, म्हणजे मलाही रडता आलं असतं.

हॉस्पिटलातली ती दुपार. नर्सने पडदा ओढून घेतला होता, बाहेर ऊन रणरणत होतं. तू डोळे उघडून म्हणालीस, "डार्करूम झाली बाप्पा." मग मला तुझ्या डाव्या हाताला बसायला लावलंस. खुर्ची उजव्या बाजूला होती, ती उचलून आणायला लावलीस. तुझा हट्ट.

"श्रीकांत येऊन गेला," तू म्हणालीस. "पुण्याचं बोलला. तू काहून नाही बोलली?"

"बोलणार होते."

"कधी? मी गेल्यावर?"

मी तुझी चादर सारखी केली.

"आपलं ते करू. तुझ्या जाण्याचं. मनात ठरव. जा की राहा. मीही ठरवते." तू डोळे मिटलेस. मी ठरवलं. मला ठरवायला काही लागलं नाही, ते आधीच ठरलेलं होतं, गेली कित्येक वर्षं. मग तू बिछान्याच्या लोखंडी कठड्यावर बोट वाजवलंस. टक. टक. आवाज इतका बारीक झाला होता.

आणि दोघीही गप्प.

इतक्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. एकीचं चुकायचं, दोघींचं चुकायचं, पण कुणी बोललंच नाही असं कधी झालं नाही. माझ्या ओठांवर होतं, कुंदाताई. पण मला वाटलं की मी 'राहते' म्हणेन आणि त्याच क्षणी तू 'जा' म्हणशील, आणि ते मला सोसणार नाही. तुझ्या मनात काय होतं, ते मला माहीत नाही. तू डोळे उघडलेस, माझ्याकडे बघितलंस, आणि हसलीस. दात दिसतील असं हसलीस. "हे नवीन आहे," म्हणालीस. "जुळलं म्हणायचं की नाही जुळलं?" मग थकून मान वळवलीस. "उद्या पुन्हा पाहू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्याकडे यायला निघाले होते. डब्यात तुला आवडतं ते पातळ पिठलं होतं. विकास नगरच्या वळणावर फोन वाजला. मी स्कूटर कडेला घेतली. भांडणाच्या वेळची तीच कडा असेल, कदाचित नसेलही.

तेव्हापासून मी त्या गप्प बसण्याचाच विचार करते आहे. तुझ्या मताने तपासते तेव्हा वाटतं, ती राखण होती. तुला मी राहायला हवी होते; पण तू बोललीस तर मी माझं मत सोडून तुझं ऐकेन, म्हणून तू स्वतःला आवरलंस. पहिल्या दिवसापासून तुझा नियमच तो होता. माझ्या मताने तपासते तेव्हा वाटतं, नाही, ही बाई आयुष्यभर कुणाकडे काही मागायचं नाही अशी स्वतःलाच कोंडून बसली होती, आणि शेवटच्या दुपारी एक शब्द बाहेर काढायचा होता तर तोही निघाला नाही. सकाळी पहिलं पटतं, संध्याकाळी दुसरं. आणि ज्या एका माणसाबरोबर हे वाद घालता आले असते, ते माणूस तू. तुझी आठवणही मी हल्ली जपून काढते. जास्त वेळ बघितलं तर विझेल असं वाटतं. वेडेपणा आहे, पण वाटतं.

आज सकाळी शाझिया दारात उभी होती. तिच्या स्लाइड तयार होत्या, तपासणं थांबलं होतं, पंधरवडाभर तिने मला त्याबद्दल शब्दाने विचारलं नव्हतं. म्हणाली, "मैम, स्लाइड फीकी पड़ जाएँगी." मग अगदी हळू, "मैं उधर बैठ जाऊँ? या आप किसी और को..."

मी तुझा स्वेटर खुर्चीवरून काढला आणि म्हटलं, "बैठो." तिने तुझी उशी जागची हलवली नाही, पुढे सरकून टोकावर बसली. दिवा बंद केला. कडेला तो हिरवा ठिपका उमटला, तसाच, जसा नेहमी. आणि मी वाट बघत राहिले. थोडा वेळ गेल्यावर लक्षात आलं की टकटक करायला आता मीच आहे. इतक्या वर्षांत ती मी कधीच केली नव्हती. मी बोट उचललं आणि दोनदा वाजवलं.

"गप्प!" "गप्प!" तिचा तो लखनवी 'गप्प', दोन्ही प मऊ. पुढची पेशी. "गप्प!" "गप्प!" मग एकदा तिने "चालू" म्हटलं आणि मी "गप्प", आणि झडप बंद करत मी म्हणाले, "कल फिर देखेंगे." तिने मान डोलावली. तू म्हणाली होतीस तसंच झालं, कुंदाताई. तुझं काम दुसऱ्या कुणाकडे तरी आहे. घर चालू राहतं. तेवढ्यापुरता तुझा मुद्दा मी मान्य करते. तेवढ्यापुरताच, जास्त खूश होऊ नकोस.

पण त्या दुपारच्या तुझ्या उत्तराची नक्कल कुणाकडेच नाही.

शाझिया चहाला गेली तेव्हा मी दिवा लावला नाही. डावीकडेच बसून राहिले. काल रात्री जेवताना श्रीकांतने विचारलं होतं, "मग, काय ठरलं तुझं?" मी म्हटलं होतं, उद्या सांगते. तू नसताना आता राहण्याचं कारण उरलं नाही, असं त्याला वाटतं. मलाही इतके दिवस तेच वाटत होतं. पण मनात एकदा ठरलं की दुसरीकडे बघून बदलायचं नाही, हा तुझाच नियम. तू असलीस तरी, नसलीस तरी. आज संध्याकाळी मी त्याला सांगणार आहे. तो रुसेल. उन्हाळा संपेपर्यंत पुण्याला जाऊन येईल, मग परत येईल. त्याआधी ते तुला सांगायचं होतं, त्या दुपारचं राहिलेलं.

मी टेबलावर दोनदा बोट वाजवलं आणि मोठ्याने म्हटलं, "राहते."

आणि उजवीकडून आवाज येण्यासाठी थांबले. एसीची घरघर ऐकू येत होती. थांबले, अजून थांबले. बोल ना, कुंदाताई. 'जा' म्हण, 'राहा' म्हण, काहीही म्हण. नाही जुळलं, तर उद्या पुन्हा पाहू.